सहावी ते आठवीला प्रयोगाचा तास द्या : मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. महापालिका आयुक्त,
मा. शिक्षणाधिकारी आणि शिक्षण विभागातील सर्व अधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज देशभर ओळखलं जातं. विज्ञान ऑलिंपियाडची तयारी करणारी मुलं तिथे येतात, विज्ञान कसं शिकवावं यावरचं संशोधन तिथे होतं. पण 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं हे केंद्र सुरू केलं, तेव्हा त्याच्या पत्रांवर पत्ता असायचा तो नाना चौकातल्या महापालिका शाळेचा. आपल्या शाळेच्या इमारतीत ते केंद्र वाढलं. त्याच्याही आधीपासून डॉ. वि. गो. कुलकर्णी, डॉ. भा. मा. उदगावकर आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांमधल्या विज्ञानाकडे वळले होते. कणांचं भौतिकशास्त्र करणारी ही माणसं पाचवी-सहावीच्या मुलांनी स्वतःच्या हातानं काय करून पाहावं, यावर डोकं लढवत होती.

हा इतिहास आपल्या विभागाचा आहे. म्हणूनच पत्राची सुरुवात त्यानं केली.

मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका आहे. पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आयुष्यभर शिकवलं. आता शनिवारी दुपारी चेंबूर-गोवंडी भागातल्या मुलांबरोबर प्रयोग करते. त्यातली बरीच मुलं महापालिकेच्या शाळांत जातात. आपल्याकडे माझी मागणी एकच आहे, बाकी सगळं तिच्या पोटात येतं. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक माध्यमात, सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा विज्ञानाच्या लागोपाठ दोन तासिका ठेवा, आणि त्या वेळात प्रयोगाचं साहित्य मुलांच्या हातात द्या. शिक्षकांनी टेबलावर करून दाखवायचं नाही, पडद्यावर चित्रफीत लावायची नाही. चार-चार मुलांच्या गटानं स्वतः करायचं.

लागोपाठ दोनच का, हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही कळेल. एक तासिका असते पस्तीस-चाळीस मिनिटांची. चाळीस मुलांना साहित्य वाटण्यात दहा मिनिटं जातात, गोळा करून मोजून पेटीत भरण्यात आणखी दहा. उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत तार नीट खरवडली नाही म्हणून दिवा लागत नाही, तोवर घंटा होते. दिवा का लागत नाही हे शोधण्याची वेळ आली, की तास संपतो. खरं तर विज्ञान तिथे सुरू होतं. एका तासिकेत प्रयोग बसत नाही, म्हणून शिक्षक फळ्यावर आकृती काढतात. त्यांचा दोष नाही. त्यांना वेळापत्रकानं तसं करायला लावलं आहे.

सहावी ते आठवीच का, तेही सांगते. पाचवीपर्यंत मूल परिसर अभ्यासात पानं-फुलं, पाणी, माती हाताळतं. नववीत गेलं की दहावीचं दडपण सुरू होतं. मधली तीन वर्षं अशी आहेत, की मुलाच्या हाताला कसब आलेलं असतं, डोक्यात ‘असं का?’ जिवंत असतं आणि परीक्षेची भीती अजून मानगुटीवर बसलेली नसते. महापालिकेच्या पुष्कळ मुलांसाठी तर हाच विज्ञानाचा शेवटचा निवांत काळ. आठवीनंतर शाळा बदलते, काहींची सुटते, मुलींवर घरचं काम पडतं. या तीन वर्षांत मुलानं तापमापी धरली नाही, भिंगातून मुंगीचा पाय पाहिला नाही, लिटमस कागद लिंबाच्या रसात बुडवला नाही, तर पुढे ते कुठे होणार?

बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत पानोपानी ‘करून पहा’ असं लिहिलेलं आहे. सहावीत चुंबकाची गंमत आहे, आठवीत आम्ल आणि आम्लारींची ओळख आहे. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आपलं काम केलेलं आहे. ‘करून पहा’ या दोन शब्दांना वेळापत्रकात जागा देणं हे मात्र शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या हातात आहे. मुंबईत ती यंत्रणा म्हणजे आपण.

चुंबकाचंच उदाहरण घेते. खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळायची, तारेची टोकं सेलला लावायची आणि शेजारी होकायंत्र ठेवायचं. सुई हलते. हर्षानं ओरडत नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. एका शनिवारी गोवंडीच्या सातवीतल्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, मग लोकलच्या वरच्या तारेनं पण हलेल का?’ तिच्या घरामागून हार्बरचे रूळ जातात. या प्रश्नात सबंध एक तास सामावलेला आहे. 2016 पर्यंत हार्बर मार्गावर 1500 व्होल्टची दिष्ट धारा होती, ती एकाच दिशेनं वाहते. आता 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आहे, तिची दिशा सेकंदाला शंभरदा उलटते आणि होकायंत्राच्या सुईला तिच्यामागे धावता येत नाही. मग कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट आपोआप येते. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. मुंबईत विजेवरची ट्राम येणार, तिच्या धारेनं उपकरणांत गडबड होणार, म्हणून 1904 मध्ये ही वेधशाळा अलिबागला हलवली. ट्राम धावली 1907 मध्ये. खाडीपलीकडची अलिबागची ती वेधशाळा आजही पृथ्वीचं चुंबकत्व मोजते आहे. ट्राम, लोकल, घरामागचे रूळ आणि अलिबाग हे सगळं त्या मुलीच्या एका प्रश्नामुळे एका धाग्यात आलं. प्रश्न पडला, कारण सुई तिच्या हातात हलली होती. फळ्यावर काढलेली सुई हलत नाही.

आता पैशाचं. शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प गेली काही वर्षं तीन हजार कोटी रुपयांच्या वर आहे, त्यामुळे पैसा नाही असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कशावर खर्च होतो याचा. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. थ्रीडी प्रिंटर, रोबोटचे भाग, सेन्सर. ज्या शाळेला ती मिळते त्या शाळेचा मला आनंदच आहे. पण हिशेब करून पाहा. चुंबक, होकायंत्र, सेल, दिवे, तारा, भिंग, परीक्षानळ्या, मोजपात्र, तापमापी, स्प्रिंगकाटा, लिटमस एवढं साहित्य एका वर्गासाठी, दहा गटांना पुरेल इतकं, लोहार चाळीतून आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरून घाऊक भावानं घेतलं, तर माझ्या अंदाजानं पंधरा हजारांच्या आसपास होतं. दरवर्षी संपणाऱ्या वस्तू भरून काढायला तीनेक हजार. म्हणजे एका टिंकरिंग प्रयोगशाळेच्या पैशात सव्वाशेहून अधिक वर्गांना हातात धरता येईल असं साहित्य मिळतं. महापालिकेनं 2011 पासून व्हर्च्युअल क्लासरूम आणल्या, 2015 मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. दोन्हीमागची तळमळ खरी होती. पण टॅबवर लिंबू आंबट लागत नाही.

यंत्रणा सगळ्यांपर्यंत पोहोचवू शकते, हे आपण आधीच दाखवून दिलेलं आहे. दरवर्षी महापालिकेच्या मुलांना गणवेश, दप्तर, बूट, छत्री अशा 27 वस्तू मोफत मिळतात. सुमारे तीन लाख मुलांना. या यादीत सहावीच्या मुलासाठी अठ्ठाविसावी वस्तू घाला : एक हातभिंग आणि एक पट्टीचुंबक, एका छोट्या पिशवीत. घरी नेण्यासाठी, मुलाच्या मालकीचं. धाकटी भावंडंही त्याच्याशी खेळतील, वाळूतून लोहकण वेचतील, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रातले ठिपके पाहतील. हा खर्च एका छत्रीपेक्षा जास्त नसेल.

एका अडचणीबद्दल उघड बोललं पाहिजे, कारण ती प्रशासनानंच निर्माण केलेली आहे आणि प्रशासनच ती एका परिपत्रकानं सोडवू शकतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत विज्ञानाचं साहित्य पुष्कळदा असतं, पण कपाटात कुलूपबंद असतं. कारण डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंची नोंदवही. चंचुपात्र फुटलं तर नोंद करा, कारण द्या, निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढण्याचा, प्रस्ताव पाठवा, तपासणीत उत्तर द्या. मी ज्या शाळेत शिकवलं तिथे एका मुख्याध्यापकांनी परीक्षानळ्यांचा नवा कोरा खोका आपल्या निवृत्तीपर्यंत उघडू दिला नाही, हिशेब पुरा राहावा म्हणून. माणूस वाईट नव्हता, नियमाला घाबरलेला होता. काचेचं साहित्य, सेल, दिवे, रसायनं, भिंगं हे सगळं ‘संपणारं साहित्य’ म्हणून घोषित करा. वर्षाकाठी चौथा हिस्सा फुटणार, हरवणार, संपणार हे गृहीत धरा आणि त्याची भरपाई विनाविचारणा करा. तपासणीला येणाऱ्या विभाग निरीक्षकांनी उलट प्रश्न विचारावा : वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही, ती का?

शिक्षकांविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी स्पष्ट म्हटलं आहे, की विज्ञान आणि गणितासाठी निदान एक शिक्षक असला पाहिजे. ही किमान अट आहे, ती प्रत्येक माध्यमाच्या प्रत्येक शाळेत पाळली जाते का, याची यादी विभागानं जाहीर करावी. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवणारी महापालिका देशात दुसरी सापडणार नाही असं मला वाटतं, आणि हे वैभव आहे. पण लहान माध्यमांच्या शाळांत पट कमी, म्हणून शिक्षक कमी, आणि मग इतिहासाचे शिक्षकच विज्ञान घेतात. अशा शिक्षकांना कमी लेखू नका. कला शाखेतून आलेल्या शिक्षिकांना मी प्रयोग करताना पाहिलं आहे. कुणी सोबत असलं की त्या विज्ञान पदवीधरांपेक्षा चांगलं शिकवतात, कारण उत्तर त्यांना आधी माहीत नसतं आणि त्या मुलांबरोबर खरोखर शोधतात. त्यांना अडवते ती भीती. प्रयोग फसला तर? मुलानं विचारलं आणि मला आलं नाही तर?

ही भीती प्रशिक्षणाच्या सभागृहात दोन दिवस बसून स्लाइड पाहिल्यानं जात नाही. ती कशी जाते, हे मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यानं दाखवून दिलं आहे. 1972 मध्ये तिथल्या सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान सुरू झालं, 1978 मध्ये ते सबंध जिल्ह्यात गेलं. टाटा संस्थेतल्या मुंबईच्या शास्त्रज्ञांचाही त्याला सुरुवातीपासून हातभार होता. तिथे शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत. पुढच्या महिन्याचे प्रयोग स्वतः करून बघत, मागच्या महिन्यात काय फसलं ते सांगत. मुलांच्या न सुटलेल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक मित्र होता. मुलं त्याला पोस्टकार्ड लिहीत, आणि खऱ्या शास्त्रज्ञांची उत्तरं मुलांना मिळत. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम 2002 मध्ये राज्य सरकारनं बंद केला. याची मला अजून चीड येते. मुलं शिकत होती, शिक्षक शिकत होते, आणि ते मोडलं. तो टिकावा यासाठी सरकारी यंत्रणेनं त्याला आपलं मानणं गरजेचं होतं. मुंबईत हे काम बाहेरच्या संस्थेच्या खांद्यावर न ठेवता विभागानं स्वतःचं म्हणून करावं, असं मी म्हणते त्याचं कारण हेच.

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, तिथे शिक्षकांची बैठक म्हणजे शिक्षण परिषद होते, त्यासाठी शिक्षकांना वेळ दिलेला असतो. त्यातली एकाआड एक परिषद सहावी ते आठवीच्या विज्ञान शिक्षकांसाठी फक्त प्रयोगांची ठेवा. भाषण नाही, सत्कार नाही. टेबलं, साहित्य आणि पुढच्या दोन महिन्यांचे प्रयोग. आणि कृपा करून या शिक्षकांना वर्गात राहू द्या. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज दुसऱ्या कामाला शिक्षक लावू नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. ही कामंच इतकी आहेत, की इतर सर्वेक्षणं आणि माहिती भरण्याचा बोजा त्यांच्यावर टाकणं अन्याय आहे. विज्ञानाच्या दोन तासिका असलेल्या दिवशी त्या शिक्षकाला शाळेबाहेर बोलावायचं नाही, एवढा साधा नियमसुद्धा मोठा फरक पाडेल.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळतं ते हे, की हे शहर स्वतःच केवढी मोठी प्रयोगशाळा आहे. शाळेच्या गच्चीवर एक मीटर उंचीची काठी उभी करा. तिची दुपारची सावली वर्षभर मोजायची, बस. सूर्य घड्याळाच्या बाराला डोक्यावर येत नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळेल. मुंबईत तो दक्षिणोत्तर रेषेवर येतो नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12 वाजून 22 मिनिटांच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर 12 वाजून 53 मिनिटांच्या सुमारास. म्हणजे आपल्या शाळांत सकाळचं अधिवेशन सुटून दुपारचं भरतं, त्याच वेळेच्या आगेमागे. एका अधिवेशनाची मुलं नोंद घेतील, दुसऱ्याची पडताळतील. डिसेंबरच्या शेवटी ती सावली उत्तरेकडे जवळजवळ 92 सेंटिमीटर जाईल. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, ढगांनी तासभर कृपा केली, तर मुलांना दिसेल की भरदुपारी सावली चक्क दक्षिणेकडे पडली आहे, सात-साडेसात सेंटिमीटर. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, याचा अर्थ त्या साडेसात सेंटिमीटरमध्ये आहे. दिल्लीच्या मुलाला हे कधीच दिसणार नाही. भरदुपारी सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे 15 मेच्या आसपास सुट्टीत येतो आणि जुलैच्या अखेरीस ढगांत हरवतो, म्हणून त्या एका दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा वर्षभराची काठी मोलाची.

दुसरा प्रयोग पावसाचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यात फक्त 74 मिलिमीटरच्या आसपास. त्या एका दिवसात या शहरानं किती माणसं गमावली, हे इथे कुणाला सांगायला नको. पाऊस वस्तीगणिक वेगळा पडतो, ही गोष्ट आपल्या मुलांनी मोजून शिकावी. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली वरून कापून, तोंड उलटं बसवून पर्जन्यमापक होतो. तो आपल्या हजाराहून अधिक शाळांच्या गच्च्यांवर बसवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी सातवीची मुलं वाचन करतील, एका ठिकाणी आकडे गोळा होतील, आणि दहिसर, भांडुप, वडाळा, कुलाबा यांचे आकडे समोरासमोर ठेवून मुलं विचारतील : भांडुपला आमच्यापेक्षा दुप्पट का? महापालिकेची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेतच, त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. मुलांचे आकडे कधी चुकतील. मग चूक कुठे झाली हे शोधायचं, तोच अभ्यास.  मुंबईला हे सहज जमेल, आणि त्यासाठी रिकाम्या बाटल्यांखेरीज जवळजवळ काहीच लागत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना निवडून होमी भाभा केंद्रानं अनेक वर्षं त्यांच्यासोबत काम केलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं ते असं, की ही मुलं मागे पडतात त्यात बुद्धीचा प्रश्न नसतो. पुस्तकाची भाषा त्यांना पोहोचत नाही, त्यांना बोलायला संधी मिळत नाही. हे अडसर दूर केल्यावर तीच मुलं शालान्त परीक्षेत चांगली चमकली. आज सेमी इंग्रजीच्या वर्गात हा प्रश्न आणखी तीव्र झाला आहे. घरी भोजपुरी किंवा दखनी, शाळेत मराठी, विज्ञान इंग्रजीत. निदान प्रयोगाच्या तासात मुलाला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलू द्या, निरीक्षण मिसळून लिहू द्या. पारिभाषिक शब्द मागाहून येतील. गोवंडीच्या आठवीतल्या मुलानं व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकून, फुगा फुगताना बघून, ‘मॅडम, ये गॅस पहले कहाँ छुपा था?’ असं विचारलं. ते ऐकणाऱ्यानं आधी त्याची हिंदी सुधारावी की त्याला उत्तर शोधू द्यावं?

मूल्यमापनाशिवाय हे टिकणार नाही, याची मला कल्पना आहे. जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या 2010 च्या शासन निर्णयात आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचं एक साधन म्हणून ‘प्रात्यक्षिक, प्रयोग’ दिलेलंच आहे. म्हणजे परवानगी आहे, सक्ती नाही. आठवीला आता वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. महापालिकेनं आपल्या आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाची एक छोटी प्रयोगपरीक्षा ठेवावी. मुलापुढे दोन अनोळखी पांढऱ्या पावडरी ठेवा, पाणी, लिटमस आणि व्हिनेगर द्या, आणि ‘यातली खाण्याच्या सोड्याची कोणती, कसं ओळखलंस?’ एवढंच विचारा. पाठ करून याचं उत्तर देता येत नाही. प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची आणि त्यावर वीसपैकी एकोणीस गुण द्यायचे ही राज्यभरची दहावीची सवय आपण आठवीत शिरू देऊ नये.

विज्ञान प्रदर्शनं आणि बालवैज्ञानिक स्पर्धा राहू द्या. पण त्यात शाळेतली दोन-चार मुलं जातात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. माझं पत्र त्या बाकीच्या मुलांसाठी आहे.

सगळ्या शहरात एकदम सुरुवात करा असा माझा हट्ट नाही. महापालिकेच्या एम पूर्व विभागापासून, म्हणजे गोवंडी-मानखुर्दपासून करा. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यांत तळाशी होता. शिवाजी नगर, बैंगनवाडी, मानखुर्द, लल्लूभाई कंपाउंड, आणि 1927 पासूनचं देवनारचं कचरा टाकण्याचं मैदान. याच विभागात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन चुनाभट्टीला, म्हणजे काही मिनिटांच्या अंतरावर. एवढं ज्ञान ज्या पंचक्रोशीत आहे, तिथल्या सहावीच्या मुलीनं भिंग पाहिलेलं नाही ही गोष्ट आपल्या सगळ्यांना खुपली पाहिजे. या संस्थांतल्या लोकांना बोलवा. त्यांनी भाषण देऊ नये, शिक्षकांच्या परिषदेत बाकावर बसावं आणि मुलांच्या पोस्टकार्डांना उत्तरं द्यावीत.

गोवंडीच्या मुलांना हवेविषयी शिकवायला पुस्तकाचं पान पुरणार नाही, कारण त्यांची हवाच वेगळी आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर व्हॅसलिनचा पातळ थर लावून तो आठवडाभर खिडकीत टांगायचा आणि एका चौरस सेंटिमीटरमधले कण भिंगाखाली मोजायचे. तोच प्रयोग चेंबूरच्या नाहीतर भायखळ्याच्या एका शाळेनं करायचा आणि आकडे एकमेकांना पाठवायचे. यातून निघणारे प्रश्न अवघड असतील, कदाचित महापालिकेलाही अवघड वाटतील. ते मुलांना विचारू द्या.

म्हणून येत्या शैक्षणिक वर्षासाठी एवढं करावं. एम पूर्व विभागातल्या सहावी ते आठवीच्या सर्व वर्गांसाठी जोड तासिकेचं परिपत्रक मे संपायच्या आत काढा, म्हणजे जूनचं वेळापत्रक त्याप्रमाणे बनेल. साहित्याच्या पेट्या शाळा उघडायच्या आधी पोहोचू द्या. काच आणि सेल डेडस्टॉकमधून वगळल्याचं त्याच परिपत्रकात लिहा. पहिली प्रयोग-परिषद जुलैत घ्या. वर्षअखेरीला किती वर्गांत किती प्रयोग खरोखर झाले, किती परीक्षानळ्या फुटल्या आणि सवालीरामसारख्या एखाद्या पेटीत मुलांचे किती प्रश्न आले, ते आकडे शाळेच्या फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतील असे लावा. त्यावरून पुढच्या वर्षी कोणते विभाग घ्यायचे ते ठरेल.

पेट्यांची यादी, घाऊक दर आणि तीन इयत्तांचे प्रयोग महिन्यांनुसार मांडलेला तक्ता माझ्याकडे तयार आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी घेऊन येते. माझ्यासारखे निवृत्त विज्ञान शिक्षक या शहरात पुष्कळ आहेत, त्यांतले काही पहिल्या वर्षी आठवड्यातून एक दिवस शाळेत शिक्षकांच्या सोबतीला उभे राहायला तयार आहेत, मोबदला न घेता. त्यांना शाळेत प्रवेश देणारं पत्र तेवढं विभागाकडून हवं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
चेंबूर, मुंबई